नाव आमचं, ऑथ कोड कुणाकडे?

वेल्हे खोऱ्यातल्या आमच्या महिला गटाचं एक संकेतस्थळ आहे. इंद्रायणी आणि आंबेमोहोर तांदूळ, नाचणीचं पीठ, मोसमात थोडी करवंदं, असा आमचा माल. पुण्यातली गिऱ्हाइकं तिथं मागणी नोंदवतात आणि आम्ही माल पोचता करतो. पाच किलोच्या प्रत्येक पिशवीवर संकेतस्थळाचा पत्ता छापलेला आहे. गटाचे हिशेब मी ठेवते, त्यामुळे त्या पत्त्याचं वर्षाचं बिलही माझ्याकडेच येतं. यंदाची रक्कम पाहून मी चौकशी केली, तर दुसरीकडे तेच काम बऱ्याच कमी पैशात होत होतं. "मग तिकडं हलवा की," असं बैठकीत सगळ्यांनी सांगितलं आणि ते काम माझ्याकडे आलं. हलवायचं म्हणजे नेमकं काय हलवायचं, हे तेव्हा आमच्यातल्या एकीलाही सांगता आलं नसतं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की संकेतस्थळ आणि त्याचा पत्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मजकूर, फोटो, मागणीचा फॉर्म हे सगळं कुठल्या तरी भाड्याच्या संगणकावर ठेवलेलं असतं. त्याला होस्टिंग म्हणतात. पत्ता, म्हणजे डोमेन नाव, ही निराळी गोष्ट. ते कायमचं विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवून मिळतं, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, आणि मुदत संपायच्या आत पैसे भरून ती वाढवत राहावं लागतं. आमच्याकडे आलेलं बिल फक्त नावाचं होतं. होस्टिंग दुसऱ्याच ठिकाणी होतं आणि त्याचे पैसे दुसऱ्याच खात्यातून जात होते. हिशेब लिहिताना मी वर्षानुवर्षं दोन्हींच्या पुढं "वेबसाइट" एवढंच लिहीत आले होते.

एकीनं विचारलं, हलवायचंच आहे तर नवं नाव का घेऊ नये? प्रश्न रास्त होता. आमच्या पत्त्यात वेल्हे हा शब्द आहे, आणि 2024 मध्ये राज्य सरकारनं तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. मला वाटलं, कुठंतरी अर्ज केला की डोमेनमधला शब्दही बदलून मिळेल. तसं होत नाही. एकदा नोंदवलेल्या डोमेनमधलं एक अक्षरही बदलता येत नाही. नवं हवं तर नवं नोंदवायचं. आणि जुनं सोडून दिलं तर काही काळानं ते जगातला कुणीही घेऊ शकतो. मग आमच्या छापलेल्या पिशव्यांवरचा पत्ता टाइप करणाऱ्या गिऱ्हाइकापुढं भलत्याच कुणाचं दुकान उघडेल. एवढं ऐकल्यावर नाव सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ते नाव नोंदवलंय कुणाकडे, ते पाहायचं होतं. आयकॅन ही संस्था 1998 पासून जगातल्या डोमेन नावांचे नियम ठरवते आणि पाळले जातात का ते बघते. तिच्या शोधपानावर नाव टाकलं की ते कधी नोंदवलं, कधी संपतं, कुणामार्फत नोंदवलं हे दिसतं. भोरला पुतण्याच्या दुकानातल्या संगणकावर मी आमचं नाव टाकलं. 'रजिस्ट्रार' या रकान्यात जी कंपनी होती तिचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. आम्ही ज्यांना पैसे देत होतो ते हे नव्हतेच. नाव परस्पर कुणीतरी पळवलं की काय, या भीतीनं माझे हात गार पडले. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही पैसे देता ते रिसेलर असतील."

मग त्यानं कागदावर उतरंड काढून दाखवली. सगळ्यात वर आयकॅन. तिच्याखाली रजिस्ट्री, म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी. डॉट कॉमची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे, डॉट इनची वही आपल्या देशातल्या निक्सी या संस्थेकडे. त्याखाली रजिस्ट्रार, म्हणजे त्या वहीत नोंद करायची परवानगी असलेले. त्याखाली रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारकडून घेऊन पुढं विकणारे. आणि तळाला नाव वापरणारे आपण. डॉट इनचा जुना इतिहास मुंबईशी जोडलेला आहे, हेही मला तेव्हाच कळलं. 1989 मध्ये भारताला डॉट इन मिळालं तेव्हा ते सांभाळायचं काम मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेकडे होतं. पुढं 2005 पासून निक्सीनं ते सर्वांसाठी खुलं केलं. आमचं नाव डॉट कॉम, तेव्हा आमची ओळ अमेरिकेतल्या वहीत होती. आणि आम्ही इतकी वर्षं ज्यांच्याकडे तक्रारी करत होतो, त्यांना त्या वहीला थेट हात लावायची परवानगीच नव्हती.

शोधपानावर मालकाचं नाव मात्र दिसेना. 2018 मध्ये युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार ती झाकून ठेवतात. म्हणून मी आमच्या विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ऑथ कोड लागेल. तो नव्या ठिकाणी टाका, बाकी ते करतील." मी विचारलं, "म्हणजे ओटीपी का?" तो म्हणाला, "तसंच समजा, पण ओटीपी नाही." फोन ठेवल्यावर नव्या रजिस्ट्रारच्या पानावर पाहिलं तर तिथं 'ईपीपी कोड' मागितला होता, आणि आमच्या जुन्या बिलाच्या तळाला 'ट्रान्सफर सिक्रेट' असं काहीतरी होतं. तीन वेगवेगळे कोड मिळवायचे आहेत असं धरून मी तिन्हींची यादी केली. बऱ्याच वाचनानंतर समजलं की तिन्ही एकच.

ईपीपी ही रजिस्ट्रारांनी रजिस्ट्रीशी बोलायची ठरलेली भाषा आहे. नाव नोंदव, मुदत वाढव, नाव इकडून तिकडे ने, असे हुकूम त्या भाषेत जातात. प्रत्येक नावाच्या नोंदीला एक गुप्त कोड जोडलेला असतो आणि तो त्या एकाच नावापुरता असावा असा नियम आहे. हा कोड आपला सध्याचा रजिस्ट्रार ठरवतो आणि रजिस्ट्रीकडे त्याची नोंद असते. आपण तो मागून घ्यायचा आणि नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. नवा रजिस्ट्रार तो रजिस्ट्रीकडे पाठवतो, रजिस्ट्री आपल्याकडच्या कोडशी ताडून पाहते, आणि जुळला तरच नाव हलवायची प्रक्रिया सुरू होते.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना आपण 1900 वर मेसेज टाकतो आणि आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, तो नव्या कंपनीला देतो. हे काम त्याच जातीचं आहे. नंबरही आपलाच राहतो, बदलते ती सेवा देणारी कंपनी. पण एक फरक मोठा आहे. यूपीसी येतो तो त्याच नंबरवर, म्हणजे ज्याच्या हातात फोन त्याच्याच हातात कोड. शिवाय आपल्याकडे तो चार दिवसांत बाद होतो. डोमेनचा कोड असा आपोआप बाद होईलच असं नाही. आयकॅनच्या कामकाज गटानं 2025 मध्ये त्याला चौदा दिवसांची मुदत घालायची शिफारस केली आहे. आणि तो जातो नोंदवलेल्या ईमेलवर. आमच्या नोंदीत कुणाचा ईमेल आहे, हे गटात कुणालाच माहीत नव्हतं.

तो ईमेल निघाला संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाचा. आमच्याच भागातला, हुशार, आता कामासाठी बाहेरगावी गेलेला. त्यानं त्या वेळी आपल्याच ईमेलनं खातं उघडलं, कारण गटाला ईमेलच नव्हता. आम्ही त्याचे आभार मानले, पेढे दिले आणि विषय संपला असं समजलो. कागदोपत्री मात्र ते नाव त्याचं होतं. वर्षाचे पैसे आम्ही भरत होतो, पिशव्या आम्ही छापत होतो, आणि त्या नोंदीत गटाचं नावसुद्धा कुठं नव्हतं. तो सरळ माणूस म्हणून आमचं निभावलं. त्याच्याशी संपर्क तुटला असता, तर नाव आमचं आहे हे सिद्ध करायला आमच्याकडे पिशव्यांखेरीज काय होतं?

त्याला फोन केला तेव्हा तो लगेच तयार झाला. मी म्हटलं, "दादा, आधी खात्यात गटाचं नाव आणि गटाचा ईमेल घालून टाक, मग कोड मागू." त्यानं बदल करायला घेतला आणि मध्येच थांबून परत फोन केला. "ताई, इथं बारीक अक्षरात लिहिलंय. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला तर साठ दिवस ट्रान्सफर बंद. बदल करण्याआधी ही अट नको म्हणायची सोय काही रजिस्ट्रार देतात, इथं मला ती दिसत नाही." आमची मुदत त्याआधीच संपत होती. मग ठरलं, आधी बदली, नंतर नवीन ठिकाणी गटाच्या नावानं सगळं. तेव्हा कळलं की साठ दिवसांचा नियम आणखीही दोन ठिकाणी आडवा येतो: नाव नव्यानं नोंदवल्यावर साठ दिवस, आणि एकदा हलवल्यावर पुन्हा साठ दिवस, रजिस्ट्रार ते दुसरीकडे जाऊ द्यायला नकार देऊ शकतो. चोरानं नाव पळवून झटपट तिसरीकडे नेऊ नये म्हणून ही अडवणूक आहे. मी सुचवलेला क्रम, जो मला सगळ्यात सरळ वाटत होता, तोच आम्हाला मुदतीबाहेर ढकलणार होता.

पुढचा अडथळा कुलपाचा. शोधपानावर आमच्या नावापुढं 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' अशी स्थिती दिसत होती. प्रोहिबिटेड म्हणजे मनाई हे कळलं. क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक, म्हणजे आम्ही, असं मी धरलं आणि आम्ही कधी मनाई केली ते आठवू लागले. त्या मुलानं समजावलं की इथं गिऱ्हाईक म्हणजे रजिस्ट्रार. तो रजिस्ट्रीचा गिऱ्हाईक. म्हणून 'क्लायंट' असं लागलेलं कुलूप रजिस्ट्रार काढू शकतो, आणि 'सर्व्हर' असं लागलेलं असेल तर ते रजिस्ट्रीनं घातलेलं असतं आणि तिलाच काढता येतं. आमचं पहिल्या प्रकारचं होतं. खात्यात एक कळ होती, ती सरकवली, आणि थोड्या वेळानं शोधपानावर त्या लांबलचक शब्दांच्या जागी 'ओके' ही दोनच अक्षरं आली. हे कुलूप नेहमी लावून ठेवायचं असतं आणि फक्त हलवताना काढायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कोड एखाद्याच्या हाती लागला तरी कुलूप असेपर्यंत तो त्याच्या काही कामाचा नसतो.

एवढ्या अडचणी कशासाठी, असं मनात येत होतं. म्हणून मागची हकिगत वाचली, आणि ती वाचल्यावर तक्रार करावीशी वाटेना. गॅरी क्रेमेन या अमेरिकी माणसानं 1994 मध्ये सेक्स डॉट कॉम हे नाव नोंदवलं होतं. पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या ठकानं नोंदणी करणाऱ्या कंपनीला एक बनावट पत्र पाठवलं आणि कंपनीनं त्या पत्रावर विसंबून नाव कोहेनच्या हवाली केलं. मूळ मालकाला साधा फोनही केला नाही. नाव परत मिळवायला क्रेमेनला 2000 सालापर्यंत कोर्टात लढावं लागलं. 2001 मध्ये कोर्टानं साडेसहा कोटी डॉलर भरपाई ठरवली, तर कोहेन देश सोडून पळालेला. 2003 मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की डोमेन नाव ही मालमत्ता आहे आणि ती परस्पर दुसऱ्याला देणारी कंपनी जबाबदार धरली जाऊ शकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे असा निकाल दिला.

बनावट पत्राच्या या गोष्टीवरून मला भोर आठवलं. ते पंतसचिवांचं संस्थान होतं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाचं काम राजपत्रं वाचून, मजकूर तपासून त्यावर संमतीचं चिन्ह करण्याचं होतं. पत्र आलं म्हणून अंमल होत नसे. ते खरं आहे हे पाहणारा माणूस मध्ये बसवलेला असे. 1995 मध्ये त्या कंपनीत असा कुणी बसलेला नव्हता. त्यानंतर दहा वर्षांनीही तेच घडलं. जानेवारी 2005 मध्ये, एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत, न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं पॅनिक्स डॉट कॉम हे नाव मालकाला न कळता ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे नेलं गेलं. कंपनीच्या गिऱ्हाइकांचे ईमेल भलतीकडे जाऊ लागले आणि सुट्टीमुळे दाद मागायला माणूस मिळेना. त्याच वर्षी आयकॅनच्या सुरक्षा समितीनं नावं कशी पळवली जातात यावर अहवाल काढला. पुढं डॉट कॉमच्या बदल्यांनाही कोड लागू झाला. मला त्रासाचा वाटणारा प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी झालेल्या नुकसानीतून आलेला होता.

कोड मागण्याआधी त्या मुलानं मला एक काम करायला लावलं, आणि मी सगळ्यांना सांगेन ते हेच काम. डोमेनच्या नोंदीत नेमसर्व्हर लिहिलेले असतात. पत्ता टाइप केला की संकेतस्थळ कुठल्या संगणकावर आहे आणि ईमेल कुठं पोचवायचा, याची उत्तरं देणारे संगणक म्हणजे नेमसर्व्हर. बदलीत ही नेमसर्व्हरची नावं जशीच्या तशी नव्या ठिकाणी जातात, त्यामुळे एरवी संकेतस्थळ बंद पडायचं कारण नसतं. पण ते नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारनंच फुकट दिलेले असतील, तर नाव गेल्यावर तो ते बंद करू शकतो. आमचे तसेच होते. म्हणून खात्यातल्या त्या पानावरची एकेक ओळ मी वहीत उतरवून घेतली: संकेतस्थळासाठी ए नोंद, ईमेलसाठी एमएक्स नोंद, आणि पडताळणीच्या काही लांब ओळी. मग होस्टिंगवाल्यांच्या नेमसर्व्हरवर त्या सगळ्या पुन्हा भरल्या, दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळवल्या, आणि मगच नेमसर्व्हर बदलले. संकेतस्थळ चालू राहिलं. ईमेलची ओळ राहून गेली असती तर पुण्याच्या मागण्या वाटेतच हरवल्या असत्या आणि ते आम्हाला कळलंही नसतं.

मग कोड मागितला. इथं मला एक मोठा दिलासा मिळाला. खात्यातून कोड थेट काढून घ्यायची सोय नसेल, तर मागितल्यापासून पाच दिवसांत तो देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. पैशांवरून वाद आहे एवढ्याच कारणावरून कोड अडवून ठेवता येत नाही. पुढच्या वर्षाचं बिल भरलेलं नाही म्हणून बदली नाकारता येत नाही. मागच्या किंवा चालू मुदतीचे पैसे थकले असतील तर मात्र नाकारता येते. विक्रेत्याशी बोलताना मी आतापर्यंत उपकार मागितल्यासारखी बोलत होते. हे वाचल्यावर आवाज न चढवता, पण ठामपणे, कोड मागितला.

कोड त्या मुलाच्या ईमेलवर आला आणि त्यानं तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तो पाहून पाहून संगणकात भरला: लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्ये एक प्रश्नचिन्ह. नव्या रजिस्ट्रारनं तो अवैध ठरवला. शून्याचा ओ करून पाहिला, लहान एलचा मोठा आय करून पाहिला. शेवटी पुतण्यानं फोनकडे पाहून विचारलं, "काकू, हा कोड ठळक अक्षरात का दिसतोय?" उत्तर तिथंच होतं. कोडच्या आरंभी आणि शेवटी चांदणीची खूण होती. व्हॉट्सॲपवर दोन चांदण्यांमधला मजकूर ठळक होतो आणि चांदण्या दिसेनाशा होतात. मुलानं तोच कोड ईमेलनं पुन्हा पाठवला, मी तिथून उचलून तसाच चिकटवला आणि पुढं-मागं रिकामी जागा आलेली नाही हे पाहिलं. कोड लागला. नंतर लक्षात आलं की चांदण्यांपेक्षा गंभीर बाब वेगळी होती. कुलूप काढलेलं असताना तो कोड म्हणजे आमच्या नावाचा पासवर्डच होता, आणि गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकायची सूचनाही आधी एकीनं केली होती.

पैसे भरले. हे पैसे वाया जात नाहीत. डॉट कॉमच्या बदलीत शिल्लक मुदतीवर आणखी एक वर्ष वाढून मिळतं, फक्त एकूण मुदत दहा वर्षांच्या वर जात नाही. पण बदली मुदत संपायच्या बऱ्याच आधी करावी. मुदत संपल्यावर जुन्याकडे नूतनीकरण करून लगेच हलवलं, तर ते वाढलेलं वर्ष रद्द होतं आणि दोनदा पैसे भरून एकच वर्ष पदरात पडू शकतं.

त्यानंतर शोधपानावर 'पेंडिंग ट्रान्सफर' असं आलं, आणि जुन्या रजिस्ट्रारकडून एक ईमेल: तुमचं नाव दुसरीकडे जात आहे. त्यात मंजुरी द्यायची कळ कुठं आहे ते मी शोधत बसले. वेल्ह्यात पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. रेंज मिळावी म्हणून मी नसरापूरला आले की आधी ते पत्र उघडून पुन्हा पुन्हा वाचायची. कळ फक्त हरकत घेण्याची दिसत होती. अखेर वाक्याचा अर्थ नीट लागला. जुन्या रजिस्ट्रारला उत्तर द्यायला पाच दिवस असतात. त्या दिवसांत हरकत आली नाही तर बदली मंजूर धरली जाते. काही न करणं हीच आमची संमती होती. याचीच दुसरी बाजू अशी, की कुणी चोर आपलं नाव नेत असेल तर हे एक पत्र हीच आपल्याला मिळणारी सूचना आहे, आणि ते आपण न वापरणाऱ्या ईमेलवर गेलं तर आपलं गप्प बसणं संमती मानलं जाईल.

पाच दिवस सरले आणि रजिस्ट्रारच्या रकान्यात नवं नाव आलं. संकेतस्थळ एक मिनिटही बंद पडलं नाही. गिऱ्हाइकांना काही कळलंही नाही. नव्या खात्यात मालक म्हणून गटाचं नाव घातलं, गटाचा स्वतंत्र ईमेल उघडून तो जोडला, कुलूप लावलं, आणि लॉगिनला दुहेरी पडताळणी चालू केली. पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. अध्यक्ष मावशींनी एकच प्रश्न विचारला, "उद्या तू नसलीस तर हे कुणाला काढता येईल?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलाच्या हातातलं नाव मी माझ्या हातात आणून ठेवलं होतं. गटाच्या हातात ते अजून आलेलंच नव्हतं.

म्हणून ठराव झाला. डोमेन नाव आता गटाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत वजनकाटा आणि पिठाची गिरणी यांच्या खालच्या ओळीत आहे. पुढं रजिस्ट्रारचं नाव, मुदतीची तारीख, ईमेल, आणि पडताळणीचा कोड ज्या दोघींच्या मोबाइलवर येतो त्यांची नावं. पासवर्ड बंद पाकिटात, बँकेच्या कागदांबरोबर. पदाधिकारी बदलतील तेव्हा बँकेतल्या सह्यांसोबत हेही बदलायचं. मुदतीच्या दोन महिने आधीच्या बैठकीत हा विषय यायलाच हवा, असंही त्यात लिहिलं आहे.

भोर-वेल्ह्यात आता घरगुती जेवणावळी आहेत, गडाच्या पायथ्याला मुक्कामाच्या सोयी आहेत, तांदूळ विकणारे आमच्यासारखे गट आहेत. अनेकांचे पत्ते कुणीतरी ओळखीच्यानं, चांगल्या मनानं, आपल्या ईमेलनं नोंदवून दिलेले असतील. त्या माणसाशी संबंध गोड आहेत तोवरच विचारून घ्यावं: नाव कुणाच्या ईमेलवर आहे, कुलूप लावलेलं आहे का, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर कुणाचे आहेत. कोड मागण्यात कुणावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, तो नाव वापरणाऱ्याचा हक्क आहे. हे वाटेत भेटेल त्याला मी सांगत असते. राजगडाच्या वाटेवर मुक्कामाची सोय चालवणाऱ्या एका ताईंनी ऐकून लगेच चौकशी केली, तर त्यांचं नाव त्यांच्या फलकाचं काम करणाऱ्याच्या ईमेलवर निघालं. त्यांची बदली आता सुरू आहे. कोड अजून मागितलेला नाही. आधी नेमसर्व्हरच्या सगळ्या ओळी त्यांनी वहीत उतरवून घेतल्या आहेत.